बाईंना विचारा : आधी वर्गात येऊन बसा

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत. चांगला शिक्षक ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर त्याला द्यायचं काय? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. मी ३१ वर्षं गणित शिकवलं. त्यातली शेवटची ९ वर्षं पर्यवेक्षक होते, म्हणजे रोज एखाद-दोन तास दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं काम होतं. खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्या बाकावरून पाहिलेलं आहे.

प्रश्न : बाई, मी चार वर्षांपासून गणित शिकवते. निकाल लागला की आमच्याकडे सभेत तुकडीवार आकडे वाचून दाखवतात. या वर्षी माझ्या तुकडीत ३६ पैकी २२ मुलं पास झाली, शेजारच्या तुकडीत ३६ पैकी ३३. वेतनवाढ यावरच ठरणार असं सांगितलं आहे. मागच्या वर्षीचे गुण पाहूनच तुकड्या पाडल्या होत्या हे सगळ्यांना माहीत आहे, पण सभेत कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. तेव्हापासून वर्गात जायची उमेद वाटत नाही. मी खरंच वाईट शिकवते का?

उत्तर : तुम्ही कसं शिकवता हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ते दोन आकडे वाचून तुमच्या मुख्याध्यापकांनाही ते सांगता येणार नाही, याची मला खात्री आहे.

आधी माझी एक गोष्ट सांगते. नोकरीच्या सहाव्या वर्षी मला शाळेचा उत्तम शिक्षक पुरस्कार मिळाला, कारण माझ्या तुकडीचा निकाल शंभर टक्के लागला होता. त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी माझ्या वर्गातली सात कच्ची मुलं दुसऱ्या तुकडीत हलवली गेली. पटसंख्या सारखी करायची असं कारण दिलं होतं. ज्या बाईंकडे ती गेली त्यांनी सातांतली पाच मुलं पास करून दाखवली. उरलेल्या दोघांमुळे त्यांचा निकाल खाली आला आणि त्यांना सभेत बोलणी खावी लागली. टाळ्या मला मिळाल्या. ते प्रमाणपत्र मी कधी भिंतीवर लावलं नाही. पण त्यांच्याशी या विषयावर बोलायचं धाडस मला झालं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ती पाच मुलं मला भेटतात अजून.’ तुमचं पत्र वाचताना मला त्याच दिसत होत्या.

आता कामाचं बोलू. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली एखादी चाचणी तुमच्याकडे असेल. नसेल तर मागच्या वर्षीचे गुण असतीलच. मुलं तुमच्या हातात आली तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आहेत, हे एका कागदावर मांडा. समजा, सुरुवातीला तुमच्या वर्गातली ९ मुलं पास होण्याजोगी होती आणि शेजारच्या वर्गातली ३१. तर तुमच्याकडे १३ मुलं वर आली आणि तिकडे २. यावरून शेजारचे शिक्षक कमी पडले असं मात्र म्हणू नका. ज्या वर्गात जवळजवळ सगळेच आधीपासून वर असतात तिथे या मोजणीत वाढायला जागाच उरत नाही, आणि त्यांनी हुशार मुलांना किती पुढे नेलं ते पास-नापासच्या रकान्यात दिसत नाही. शिवाय छत्तीस मुलांचा वर्ग लहान असतो. दोन मुलं परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर निकाल साडेपाच टक्क्यांनी घसरतो. त्यावर कुणाची वेतनवाढ टांगणं चूक आहे, आणि ते मुख्याध्यापकांना आदरानं पण स्पष्ट सांगायला हवं. एकटीनं सांगू नका. शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांना बरोबर घ्या. पुढच्या वर्षी तुकड्या उलट पडल्या तर त्यांच्यावरही हीच वेळ येणार आहे.

निकालावर पैसे देण्याची ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाला मुलांच्या परीक्षेशी बांधलं. तपासनीस येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणिताची परीक्षा घ्यायचा, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्याचे पैसे कापले जायचे. त्या काळी तपासनीसाचं काम करणारे कवी मॅथ्यू अर्नोल्ड वर्षानुवर्षं अहवालांतून बजावत राहिले की यानं शिकवणं यांत्रिक झालं आहे. मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करायची. पुस्तक हातात उलटं धरलं तरी चालेल, इतकं पाठ. ती पद्धत मोडीत निघायला तीसेक वर्षं लागली.

तुमची उमेद गेली म्हणता. त्या २२ मुलांतलं जे मूल तुमच्या मते पास होणारच नव्हतं आणि झालं, त्याची वही काढा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघा. मला लिहा काय दिसलं ते.

प्रश्न : मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. दरवर्षी सर्वोत्तम शिक्षकाला रोख बक्षीस द्यावं असा ठराव आमच्यापुढे आहे. चांगलं काम करणाऱ्याला जास्त मिळावं, यात गैर काय? निवडीचे निकष कोणते ठेवावेत ते सुचवा.

उत्तर : गैर काहीच नाही. चांगल्या शिक्षकाला जास्त मिळावं असं मलाही मनापासून वाटतं. मला अडचण दिसते ती ‘सर्वोत्तम’ आणि ‘एकाला’ या दोन शब्दांत.

रोख बक्षिसाचे प्रयोग जगात बरेच झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका बाजूला झुकत नाहीत. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात २००६ पासून तीन वर्षं गणिताच्या शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत बक्षीस देऊ केलं होतं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना योजनेत घेतलं, अर्ध्यांना बाहेर ठेवलं. एकूण हिशेबात दोन्ही गटांच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. केनियातल्या एका प्रयोगात गुण वाढले, पण बक्षिसाशी जोडलेल्या परीक्षेपुरतेच. योजना संपल्यावर वाढ टिकली नाही. शिक्षकांची हजेरीही सुधारली नव्हती, परीक्षेच्या तयारीचे जादा तास तेवढे वाढले होते.

याउलट आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००५ पासून केलेल्या अभ्यासात बक्षिसाच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्ट पुढे गेली. ज्या विषयांवर बक्षीस नव्हतं त्यांतही गेली. तिथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. बक्षीस मुलांच्या सरासरी सुधारणेवर होतं, म्हणजे कच्चं मूल थोडं वर आलं तरी मोजलं जायचं. आणि शिक्षकांची आपापसात शर्यत नव्हती. दुसऱ्याला हरवल्याशिवाय मिळणार नाही असं काही नव्हतं.

तुमच्या ठरावात शर्यत आहे. चाळीस शिक्षकांतून एक निवडायचा म्हणजे एकोणचाळीस जणांना ‘तुम्ही नाही’ असं सांगायचं. माझ्या पुरस्काराच्या वर्षी शिक्षक खोलीत काय झालं ते सांगते. तोवर अपूर्णांक शिकवायची माझी कागदी पट्ट्यांची पेटी सगळ्यांत फिरायची. त्यानंतर ती मागायला कुणी आलं नाही. मीही कुणाकडे जायची बंद झाले. त्यात नुकसान मुलांचं झालं.

आणि पैसे जेवढे मोठे, तेवढा आकड्यावरचा ताण मोठा. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं आणि त्यात १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतल्याचं म्हटलं होतं. चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. यातली सगळी माणसं मुळातच खोटी होती असं मी मानत नाही. आकडा आला नाही तर नोकरी जाईल अशी भीती होती, आणि भीतीपोटी माणूस काय करेल सांगता येत नाही.

मग करायचं काय? अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरातला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. तिथे जुन्याजाणत्या शिक्षकांचे वर्षातून चार तास पाहिले जायचे. तीन तास दुसऱ्या शाळेतले, निरीक्षणाचं प्रशिक्षण घेतलेले अनुभवी शिक्षक पाहायचे आणि एक तास शाळेतलेच अधिकारी. पाहून झाल्यावर काय दिसलं ते लेखी देऊन त्यावर बोलायचे. त्या शिक्षकांची मुलं गणितात सुधारली, आणि निरीक्षणाचं वर्ष संपल्यानंतरच्या वर्षांतही ती सुधारणा टिकली. म्हणजे मूल्यमापन नीट केलं तर तेच प्रशिक्षण होतं. तुमच्या बक्षिसाच्या रकमेतून दोन चांगल्या शिक्षकांचे आठवड्याचे चार-चार तास मोकळे करा आणि त्यांना इतरांच्या वर्गात बसायला पाठवा. त्या कामाचं मानधन द्या. चांगल्या शिक्षकाला हे खरं बक्षीस वाटेल, कारण त्यात त्याच्या शिकवण्याला किंमत दिली जाते.

आणखी एक. चांगला शिक्षक वर चढायचा तर त्याला मुख्याध्यापक व्हावं लागतं, म्हणजे वर्ग सोडावा लागतो. हे उफराटं आहे. सिंगापूरमध्ये शिक्षकांसाठी बढतीच्या तीन वाटा आहेत: प्रशासनाची, विषयतज्ज्ञाची आणि शिकवण्याची. शेवटच्या वाटेनं जाणारा शिक्षक वर्ग न सोडता वरच्या पायरीवर आणि वरच्या पगारावर जातो. तुमच्या समितीच्या हातात एवढं नसेल, पण ‘ज्येष्ठ शिक्षक’ असं एक पद निर्माण करणं बहुधा असेल.

पगाराबद्दलही एका वाक्यात सांगते. सगळ्यांचा पगार वेळेवर आणि पोटापुरता असणं ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे आणि ती बक्षिसाच्या आधी यायला हवी, मात्र नुसत्या पगारवाढीनं शिकवणं सुधारेल या भरवशावर राहू नका. इंडोनेशियात प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला होता. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात दोन-तीन वर्षांत फरक दिसला नाही.

प्रश्न : मला नुकतंच पर्यवेक्षक केलं आहे. उद्यापासून पाठ निरीक्षण करायचं आहे. हातात एक छापील तक्ता दिला आहे: टाचण आहे का, फलकलेखन कसं, आवाज कसा, शैक्षणिक साधनं वापरली का, वर्गात शिस्त आहे का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. नेमकं बघायचं काय, बाई?

उत्तर : तक्ता भरायचा तर भरा, तुमची नोकरी आहे. पण शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे पाठ पाहण्याची जुनी रीत आहे. तिथे पाहणारे मागे बसून राहत नाहीत, मुलांच्या बाकांपाशी उभे राहून कोण काय लिहितंय ते टिपून घेतात.

एक तास सांगते. शिकवणारा मुलगा नवीनच लागला होता, आवाज लहान, अक्षर तिरपं. तुमच्या तक्त्यात त्याला पंचवीसपैकी अकरा मिळाले असते. फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अशी बेरीज होती. वर्गात फिरताना त्याला दिसलं की बऱ्याच जणांनी वरचा अंक वरच्यात आणि खालचा खालच्यात मिळवून दोन पंचमांश लिहिलं आहे. त्यानं कुणालाही चूक म्हटलं नाही. कुणाचं नाव न घेता ते उत्तर फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ‘दोन पंचमांश हे अर्ध्याहून मोठं की लहान?’

वर्ग गप्प झाला. मी घड्याळ पाहिलं. तो अर्धा मिनिट थांबला. नव्या शिक्षकाला अर्धा मिनिट शांतता सोसणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. मग एक मुलगी म्हणाली, ‘लहान. पाचाचं अर्धं अडीच, आणि हे दोनच आहेत.’ तो म्हणाला, ‘बरं. आपण सुरुवात कशानं केली होती?’ माझ्या शेजारच्या मुलानं पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःशीच पुटपुटला, ‘अर्ध्यात मिळवलं… आणि कमी झालं?’ मग त्यानं वहीतलं उत्तर स्वतःच्या हातानं खोडलं. कुणी सांगायच्या आत.

मी शोधत असते ती ही जागा. शिक्षकानं मुलाची चूक पाहिली का, ती तशी का झाली हे त्याला कळलं का, आणि मुलाला तिथून पुढे जायला वाट करून दिली का. यासाठी शिक्षकाचा विषय पक्का हवा, पण तेवढंच पुरत नाही. मुलं कुठे अडखळतात तेही ठाऊक असावं लागतं. दोन पंचमांश हे उत्तर येणारच, हे त्या नव्या शिक्षकाला तास सुरू होण्याआधी माहीत होतं. नंतर त्याचं टाचण पाहिलं, तर समासात लिहिलं होतं: ‘२/५ आलं तर अर्ध्याशी तुलना.’

बाकीचं थोडक्यात. एका तासावरून मत बनवू नका. तीन-चार तास पाहा, आणि शक्य असेल तर त्यातला एखादा दुसऱ्या कुणाला पाहू द्या. अमेरिकेत २००९ पासून सुमारे ३ हजार शिक्षकांवर एक मोठा अभ्यास झाला. एकाच निरीक्षकानं आणखी एक तास पाहण्यापेक्षा तो तास दुसऱ्या निरीक्षकानं पाहिला तर निष्कर्ष जास्त भरवशाचा होतो, असं त्यात दिसलं. प्रत्येकाची नजर कुठेतरी अधू असते. माझी शिस्तीच्या बाबतीत होती. मला गोंगाट सहन होत नसे आणि त्यापायी दोन चांगल्या शिक्षकांना मी कमी लेखलं. त्यातल्या एका बाईंची नंतर घरी जाऊन क्षमा मागितली.

तास झाल्यावर त्याच दिवशी भेटा. शेरे दहा लिहू नका. एकच गोष्ट सांगा, उद्याच्या तासाला करून बघता येईल अशी. आणि पुढच्या आठवड्यात ती बघायला पुन्हा जा. पुन्हा गेला नाहीत तर पहिल्या भेटीचा उपयोग नाही.

प्रश्न : मुलांकडून शिक्षकांबद्दल प्रश्नावली भरून घ्यावी का? आमच्याकडे शिक्षकांचा विरोध आहे. मुलं लाड करणाऱ्यालाच गुण देतील असं म्हणतात.

उत्तर : घ्यावी, पण ‘शिक्षक आवडतात का’ असं विचारू नका. वर्गात रोज बसणारी मुलंच असतात, निरीक्षक चार तास येतो. त्यांना जे दिसतं तेच विचारा: या वर्गात जवळजवळ रोज काही नवीन शिकायला मिळतं का, चूक झाली तर ती दुरुस्त करायला शिकवतात का, समजलं नाही तर वेगळ्या तऱ्हेनं सांगतात का. मघाच्याच ३ हजार शिक्षकांच्या अभ्यासात पहिल्या दोन प्रकारच्या प्रश्नांची मुलांनी दिलेली उत्तरं त्यांच्या शिकण्याशी चांगली जुळली होती. कागदावर नाव नको. आलेली उत्तरं पहिलं वर्षभर फक्त त्या शिक्षकालाच द्या. पगाराशी जोडलीत तर शिक्षकांचा विरोध रास्त ठरेल.

प्रश्न : माझ्या मुलीला गुण बेताचेच पडतात, पण तिच्या वर्गशिक्षकांबद्दल ती घरी भरभरून बोलते. शाळेला दांडी मारणारी मुलगी आता ताप असला तरी जायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, गुण नाहीत तर शिक्षक कसले चांगले? काय मानायचं?

उत्तर : मुलीचं मानायचं. अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या नववीच्या मुलांची माहिती तपासली. काही शिक्षकांमुळे मुलांची हजेरी आणि वागणूक सुधारत होती, मुलं वर्षं न गमावता पुढे सरकत होती. हे शिक्षक परीक्षेचे गुण वाढवणारेच असतील असं नव्हतं. आणि मूल शाळा पूर्ण करील की नाही, हे गुण वाढवण्यापेक्षा या परिणामावरून जास्त चांगलं कळत होतं. एक मात्र करा. त्या शिक्षकांना भेटा आणि गुणांबद्दलही विचारा, तक्रार म्हणून नव्हे. ‘तिला नेमकं काय येत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दोन वाक्यांत, तिच्या वहीतलं पान दाखवून दिलं, तर नातेवाइकांना उत्तर द्यायची गरज उरणार नाही. ‘लक्ष देत नाही, अभ्यास वाढवा’ एवढंच म्हणाले, तर तिच्या चुका त्यांनी अजून पाहिलेल्या नाहीत. मग पाहायला सांगा.

आणि ताप असेल तर तिला घरी ठेवा.

प्रश्न : बाई, आम्ही आठवीतल्या पाच मैत्रिणी आहोत. आमच्या विज्ञानाच्या बाई वर्ष संपलं की दुसऱ्या शाळेत जाणार आहेत. त्यांना कुठलाच पुरस्कार मिळाला नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. आमच्याकडे पैसे नाहीत. आम्ही त्यांना काय देऊ शकतो?

उत्तर : मुलींनो, एक पत्र लिहा. ‘तुम्ही खूप छान शिकवता’ असं लिहू नका, ते त्या वाचतील आणि ठेवून देतील. पाच जणींनी आपापला एकेक तास आठवा. कुठला धडा होता, बाई काय म्हणाल्या, फळ्यावर काय काढलं, तुम्हाला आधी काय वाटत होतं आणि त्यानंतर काय समजलं. जिला एकही तास आठवत नसेल तिनं खरं ते लिहावं, की बाईंनी तिला कधी घालूनपाडून बोललं नाही, किंवा जे काही असेल ते.

माझ्याकडे असं एक पत्र आहे. वजा गुणिले वजा अधिक का होतं हे मी एका मुलाला चार दिवस चार तऱ्हांनी सांगितलं होतं. त्यानं चारही तऱ्हा आठवून लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, ‘तिसरी कळली होती, पण चौथी ऐकायची होती म्हणून बोललो नाही.’ ती तिसरी तऱ्हा मग मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गात आधी वापरली.

तुमच्या बाई नव्या शाळेत जातील तेव्हा त्यांनाही कळायला हवं की कुठली तऱ्हा लागू पडली. पाचही जणींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, आणि कुठल्या धड्याबद्दल लिहिताय त्याचं नाव वर घाला.